विंडोजचं लायसन्स संपत आल्याची सूचना येतेय, अ‍ॅक्टिव्हेटर पुन्हा चालवू का?

अक्षरजुळणी_करमाळा

नमस्कार मंडळी. करमाळ्यात माझं डीटीपीचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, ग्रामपंचायतीचं टायपिंग वर्षभर चालू असतं, आणि दहावी-बारावीचे निकाल लागले की प्रवेशाच्या नि शिष्यवृत्तीच्या फॉर्मांची रांग लागते. दोन मशीन आहेत. एक ब्रँडेड लॅपटॉप, त्यावर सगळे पोर्टल आणि अंगठ्याचं मशीन. दुसरा असेंबल केलेला डेस्कटॉप, चौथ्या जनरेशनचा आय-थ्री, त्यावर डिझाइनचं कोरल, मराठी टायपिंगचं श्रीलिपी, पानं लावायचं पेजमेकर. दोन्हींवर विंडोज १०.

गेल्या आठवड्यापासून लॅपटॉपवर लायसन्सची मुदत लवकरच संपणार अशी सूचना येतेय. ज्यांनी विंडोज टाकून दिलं होतं त्यांना फोन केला. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली. अ‍ॅक्टिव्हेटरची, म्हणजे लायसन्स न घेता विंडोज चालू करून देणाऱ्या प्रोग्रामची, झिप फाइल आहे, पासवर्ड सोबतच लिहिलाय. आधी डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) बंद करा, मग राइट क्लिक करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, पाच मिनिटांचं काम आहे, असं म्हणाले.

अजून केलेलं नाही. डिफेंडर बंद करा म्हटल्यावर हात आखडला. त्या लॅपटॉपवर गिऱ्हाइकांचे आधार, पॅन, जातीचे दाखले, पासबुकांचे स्कॅन आहेत. क्रोममध्ये पोर्टलचे पासवर्ड सेव्ह केलेले आहेत. चालवावं की नाही? नाही चालवलं तर दुसरा रस्ता काय, आणि साधारण खर्च किती? सगळं एकदम विकत घेण्याची ऐपत नाही, हेही सांगते.

रोहन_९३

चालवा बिनधास्त. आमच्या गल्लीतल्या सगळ्या कॅफेंत तेच आहे. अँटिव्हायरस ओरडतो ते फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे खोटा इशारा, असतं. मी इतकी वर्षं वापरतोय, काही झालेलं नाही.

मिरज_संगणक

ताई, थांबलात ते फार बरं केलंत. मिरजेत माझं दुरुस्तीचं दुकान आहे, अशी मशीन रोज टेबलावर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ती सूचना का येते, ते. मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठं शेकड्यांनी मशीन घेतात. प्रत्येकावर वेगळी की (लायसन्सचा नंबर) टाकत बसायला नको म्हणून मायक्रोसॉफ्टने केएमएस नावाची सोय केलेली आहे. कंपनीच्या आतच एक सर्व्हर असतो, बाकीची मशीन त्याच्याकडून १८० दिवसांची मुदत घेतात आणि दर ७ दिवसांनी ती वाढवून घ्यायचा प्रयत्न करतात. निदान २५ मशीन असल्याशिवाय हा सर्व्हर विंडोजला अ‍ॅक्टिव्ह करतच नाही. अ‍ॅक्टिव्हेटर हा सर्व्हर खोटा उभा करतो, तुमच्याच मशीनमध्ये किंवा इंटरनेटवर कुठेतरी, आणि विंडोजला वाटतं आपण कुठल्याशा कंपनीत आहोत. मुदत वाढत राहावी म्हणून तो टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय) एक काम लावून ठेवतो. ते काम डिफेंडरने उडवलं किंवा एखाद्या अपडेटमध्ये गेलं, की मुदत सरत येते आणि तुम्हाला दिसतेय ती सूचना येते. करमाळ्यातल्या दोन मशीनच्या दुकानात केएमएसची सूचना येतेय यातच सगळं आलं.

आता रोहनभाऊंच्या मुद्द्याकडे. डिफेंडर या टूलना हॅकटूल म्हणून पकडतो, हे खरं. आत आणखी काही नसलं तरी पकडतो, हेही खरं. पण धोका तिथेच आहे. इशारा आला की "हे नेहमीचंच" म्हणून बंद करायची सवय लागली, की ज्या दिवशी आत खरोखर काही असेल त्या दिवशीही तुम्ही तेच करणार. झिपला पासवर्ड का असतो ठाऊक आहे का? पासवर्ड असला की डाउनलोड होताना ब्राउझर आणि अँटिव्हायरस आत डोकावू शकत नाहीत. म्हणजे आधी तपासणी चुकवायची, मग पहारा तुमच्याच हाताने उठवायचा, आणि मग अ‍ॅडमिनचे सगळे अधिकार देऊन अनोळखी माणसाचा प्रोग्राम चालवायचा. यानंतर आत शिरायला त्याला काहीच फोडावं लागत नाही.

अडचण अशी की विंडोज खरंच अ‍ॅक्टिव्ह होतं. काम झालं म्हणून आपण समाधानाने उठतो आणि सोबत आलेलं दुसरं काम मागे चालू राहतं. डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं होतं की केएमएसपिको या अ‍ॅक्टिव्हेटरच्या नावाने फिरणाऱ्या इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट नावाचा चोर पसरतोय. तो ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड, कार्डांचे तपशील, क्रिप्टो वॉलेट उचलतो आणि सोबत कुकीज नेतो. कुकी म्हणजे तुम्ही एकदा लॉगिन केलंत याची पोर्टलने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण. ती खूण दुसऱ्याच्या हाती गेली तर बऱ्याच ठिकाणी त्याला पासवर्डही विचारला जात नाही आणि ओटीपीही येत नाही. म्हणून "माझ्या जीमेलला ओटीपी लावलेला आहे" यावर विसंबू नका.

आणि "काही झालेलं नाही" याबद्दल एक सांगतो. चोरणारा प्रोग्राम मशीन हळू करत नाही, पडद्यावर काही दाखवत नाही. फाइल घेतो, पाठवतो, काही जाती तर काम झाल्यावर स्वतःला पुसूनही टाकतात. काही झालं नाही हे मशीनकडे बघून कळतच नाही.

दिसतं ते रॅन्समवेअर, म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम. एका फोटो स्टुडिओचं मशीन माझ्याकडे आलं होतं. त्यांनी अल्बम डिझाइनच्या सॉफ्टवेअरसाठी क्रॅक (लायसन्स चुकवणारा प्रोग्राम) उतरवला होता. चालवल्यावर विंडोज अपडेटसारखी खिडकी आली, टक्के वाढत होते, म्हणून ते चहा प्यायला गेले. ती खिडकी बनावट होती. तिच्या मागे स्टॉप-डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर एकेक फोल्डर कुलूपबंद करत होतं. परत येऊन बघतात तो प्रत्येक फाइलच्या नावाला चार अक्षरांचं शेपूट आणि प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०. हंगामातल्या लग्नांचे फोटो, बॅकअपची हार्ड डिस्कही तेव्हा जोडलेलीच होती. हे रॅन्समवेअर वेळ वाचवायला प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण १५० केबीचाच भाग बिघडवतं, त्यामुळे मोठे व्हिडिओ बऱ्यापैकी दुरुस्त करता आले. फोटोंचं तसं होत नाही. एमसिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीने २०१९ मध्ये याच्या १४८ जातींसाठी फुकट डिक्रिप्टर (कुलूप उघडणारा प्रोग्राम) काढला होता, पण नंतरच्या जातींत प्रत्येक मशीनची किल्ली वेगळी असते आणि ती चोराच्या सर्व्हरवर असते. स्टुडिओवाल्यांनी पैसे दिले नाहीत, मीही देऊ नका म्हटलं. फोटो गेले ते गेलेच. दोन नवऱ्या मुलींचे वडील दुकानात येऊन बसले होते, त्यांना काय सांगायचं हे कुणालाच सुचत नव्हतं.

तुमच्या बाबतीत मला काळजी त्या स्कॅनची वाटते. फोटो गेले तर दुःख होतं. आधार, पॅन आणि पासबुक एकाच फोल्डरमध्ये, माणसाच्या नावासकट, बाहेर गेले तर त्या माणसाच्या नावावर कुठे कर्ज निघेल, कुठे सिमकार्ड निघेल, त्याला वर्षभर कळणारही नाही. आणि तो तुमच्याकडे विश्वासाने कागद देऊन गेलेला असतो. मशीन तुमचं आहे, पण त्यातले कागद त्यांचे आहेत. माझं म्हणणं एवढंच धरा.

रस्ते लिहितो. लॅपटॉप ब्रँडेड आहे म्हणालात. विंडोज ८ आल्यापासून कंपन्या विंडोजसकट विकलेल्या लॅपटॉपची की मदरबोर्डच्या चिपमध्येच ठेवतात. दुकानदार फॉरमॅट मारताना सवयीने प्रो आवृत्ती टाकतात, ती होमच्या कीवर अ‍ॅक्टिव्ह होत नाही, मग अ‍ॅक्टिव्हेटर मारतात. म्हणजे पैसे भरून घेतलेलं लायसन्स आत पडून असतं आणि वर खोटं चालू असतं! मी अशी मशीन इतकी पाहिलीत की आता आधी तेच तपासतो. लॅपटॉपच्या बिलावर किंवा खोक्यावर विंडोज होम असं लिहिलंय का बघा. असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन होम आवृत्ती नव्याने टाकायची, की आपोआप उचलली जाते. खर्च शून्य.

डेस्कटॉप विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे त्या मशीनसाठी आता लायसन्स विकत घेणं हे पैसे वाया घालवणं. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाका. फुकट आहे, चौथ्या जनरेशनच्या आय-थ्रीवर ८ जीबी रॅम असेल तर छान चालतं. एसएसडी (वेगवान डिस्क) नसेल तर तेवढी मात्र घ्या. अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचा टोकन विंडोजवरच राहू द्या, ते हलवायच्या भानगडीत पडू नका.

ऑफिससाठी लिब्रेऑफिस, त्याचे मेनू मराठीतही मिळतात. एखादी वर्डची फाइल त्यात नीट उघडत नसेल तर मायक्रोसॉफ्टचंच ब्राउझरमध्ये चालणारं फुकट वर्ड आहे, साधं खातं काढलं की झालं.

छापखाना_चिपळूण

कोरलबद्दल मी लिहितो, कारण माझ्याकडे डीटीपीवाल्यांच्या फाइल रोज येतात.

त्याऐवजी इंकस्केप आहे, फुकट आहे आणि पत्रिका, लेटरहेड, फ्लेक्स यांना पुरतं. युनिकोड (कुठल्याही मशीनवर तशीच दिसणारी) मराठी त्यात जोडाक्षरांसकट व्यवस्थित येते. कोरलच्या जुन्या सीडीआर फाइलही बऱ्याच उघडतात, मात्र ग्रेडियंट आणि सावल्या तपासून घ्या. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिल्याच बिलबुकाला भांडण होईल. इंकस्केपची पीडीएफ आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांत, निघते. पडद्यावर काळं दिसणारं अक्षर प्लेट काढताना निळा, गुलाबी, पिवळा, काळा अशा चारी प्लेटवर जातं, आणि मशीनवर कागद केसभर हलला की अक्षराच्या कडेला रंगीत कोर दिसते. बारीक टायपात तर वाचवत नाही. म्हणून ऑफसेटला जाणारं काम स्क्रायबस या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावा. त्यात रंग सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, देता येतात, काळा फक्त काळ्या प्लेटवर ठेवता येतो आणि छपाईची पीडीएफ सरळ निघते. मात्र १.६ किंवा पुढची आवृत्ती घ्या, जुन्या आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं तुटायची. डिजिटल प्रिंटला आणि फ्लेक्सला इंकस्केपची पीडीएफ चालते, टेक्स्ट कर्व्ह (अक्षरांचं आकृतीत रूपांतर) करून द्या.

पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची आहे, आता विकत घेऊ म्हटलं तरी मिळत नाही. पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइल लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये उघडतात, पण आतला मजकूर जुन्या फॉन्टच्या सांकेतिकात असल्यामुळे तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल. जुनी गिऱ्हाइकं पुन्हा आली की त्यांच्यापुरतं बदला, सगळं एकदम करायला जाऊ नका. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू आहेत, शिवाय तिरो देवनागरी मराठी. तिन्ही खुल्या परवान्याचे, पत्रिकेवर वापरून पैसे घेतले तरी चालतात. श्रीलिपीवाचून अडतच असेल तर तेवढं एक रीतसर घ्या. तुमच्या धंद्याचं मुख्य हत्यार तेच आहे.

बार्शी_हिशोबनीस

कायद्याचं थोडक्यात. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम ६३ ब: संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. तुमचं दुकान आहे, त्यामुळे ही सवलत तुम्हाला धरता येणार नाही. "मशीन टाकणाऱ्याने केलं" हे आजपर्यंत म्हणता आलं असतं. लिंक स्वतः चालवलीत की जाणूनबुजून झालं. जीएसटी नोंदणी असेल तर सॉफ्टवेअर बिलावर घ्या, भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं.

रोहन_९३

ठीक आहे, झिपचं पटलं. मग ५००-६०० रुपयांना ऑनलाइन की मिळते ती? ती तर विकतच घेतलेली आहे ना? आणि गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर खुली स्क्रिप्ट असते, तिचा कोड कुणीही बघू शकतो, त्यात व्हायरस कसा असेल?

मिरज_संगणक

की विकत मिळाली म्हणजे लायसन्स मिळालं असं नाही. विंडोज होमची अधिकृत किंमत दहा हजारांच्या आसपास असताना कुणी ५०० ला देत असेल तर ती बहुधा कुठल्यातरी कंपनीच्या किंवा कॉलेजच्या घाऊक करारातली असते, एकच की शेकडो लोकांना विकलेली. मायक्रोसॉफ्टच्या ध्यानात आली की ती बंद होते. विकणारा तोवर दुसऱ्या नावाने दुकान मांडतो. घ्यायचीच असेल तर बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि रिटेल आहे की ओईएम ते विचारा. रिटेल की पुढे दुसऱ्या मशीनवर नेता येते, ओईएम त्या मदरबोर्डबरोबरच संपते.

स्क्रिप्टचं म्हणाल तर कोड खुला असतो, तो वाचणारे किती? लोक कुठल्यातरी व्हिडिओत बघून एक ओळ पॉवरशेलमध्ये (विंडोजची आज्ञा द्यायची खिडकी) टाइप करतात. २०२५ च्या शेवटी अशाच एका प्रसिद्ध स्क्रिप्टच्या पत्त्यातलं एक अक्षर गाळून कुणीतरी हुबेहूब पत्ता घेऊन ठेवला होता. ज्यांचं ते अक्षर टाइप करताना सुटलं, त्यांच्या मशीनमध्ये मालवेअर शिरलं. आणि स्क्रिप्ट स्वच्छ असली तरी लायसन्स मिळत नाही, पडद्यावर अ‍ॅक्टिव्ह एवढंच दिसतं. वर कलम सांगितलंय ते तिथेही लागू आहे.

रोहनभाऊ, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. हाच प्रश्न निम्म्या गिऱ्हाइकांच्या मनात असतो, कुणी बोलून दाखवत नाही.

अक्षरजुळणी_करमाळा

सगळ्यांचे मनापासून आभार. लॅपटॉपचं बिल सापडलं, त्यावर विंडोज १० होम स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि आत टाकलेलं आहे प्रो! म्हणजे लायसन्सचे पैसे मी भरलेलेच होते. फार वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं. लिंक पाठवणाऱ्यांना नको म्हणून कळवलं.

चिपळूणच्या दादांनी काळ्या प्लेटचं सांगितलं ते इथे कुणीच सांगितलं नव्हतं. आता कळलं, मागे एका बिलबुकाच्या बारीक अक्षराला लाल कोर का आली होती.

दोन शंका. एक, लॅपटॉप पुसायच्या आधी काय काय करू? पूर्वी त्यावर अ‍ॅक्टिव्हेटर चाललेला आहे म्हणजे तेव्हाच काही गेलेलं असेल का, याची धास्ती वाटतेय. दोन, डेस्कटॉपला कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर आहे, तो मिंटवर चालेल का?

मिरज_संगणक

ताई, तेव्हा काही गेलं की नाही हे आज खात्रीने सांगता येणार नाही. म्हणून गेलंय असं धरूनच करा. पासवर्ड त्या लॅपटॉपवरून बदलू नका, आतमध्ये काही असेल तर नवेही जातील. फोनवरून बदला: आधी जीमेल, मग बँक, मग पोर्टल. जीमेलच्या सुरक्षा पानावर सगळ्या डिव्हाइसवरून बाहेर काढायची सोय आहे, ती वापरा, म्हणजे जुन्या कुकी निकामी होतात. फोनमधल्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस बघा, ओळखीचं नसेल ते काढा. बँकेच्या खात्यात एखादा जरी अनोळखी व्यवहार दिसला तरी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की पैसे अडवणं अवघड होतं.

डेटा पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घेताना फक्त कागदपत्रं, फोटो, तुमच्या कामाच्या फाइल घ्या. सेटअप, झिप, ईएक्सई काहीही घेऊ नका, जुना "सॉफ्टवेअर" नावाचा फोल्डर असेल तर तो तिथेच राहू द्या. इन्स्टॉलची पेन ड्राइव्ह दुसऱ्या स्वच्छ मशीनवर बनवा आणि टाकताना जुने पार्टिशन काढून कोऱ्या डिस्कवर टाका. लॅपटॉपला विंडोज ११ चालत असेल तर सरळ ११ होमच टाका. १० होमची की त्याला चालते आणि सुरक्षेचे अपडेट चालू राहतात.

गिऱ्हाइकांचे स्कॅन मात्र सगळे परत आणू नका. फॉर्म भरून पावती निघाली की त्या माणसाच्या कागदांचं तुमच्याकडे काम उरत नाही. ज्यांचं काम अर्धवट आहे तेवढे ठेवा, बाकीचे काढून टाका, आणि पुढेही दर शनिवारी फोल्डर रिकामं करा. पासवर्ड क्रोमऐवजी बिटवॉर्डनसारख्या फुकट पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा.

एलबीपी २९०० लिनक्सवर फार छळतो. त्याचा कॅप्ट ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा कॅननचा प्रोग्राम) आज चालेल, अपडेट आला की उद्या बंद पडेल, तुम्हाला रोज करायला जमणार नाही. तो प्रिंटर लॅपटॉपला लावा. डेस्कटॉपवर काम करून पीडीएफ काढा आणि पेन ड्राइव्हने किंवा दोन्ही मशीन एकाच वायफायवर असतील तर शेअर फोल्डरमधून लॅपटॉपवर घेऊन तिथून प्रिंट द्या. पुढे कधी प्रिंटर बदलायची वेळ आली तर घेण्याआधी मॉडेल नंबर इथे टाका, मिंटवर चालतो का ते बघून सांगतो.